नमो मारियाचा अर्धा वाटा

१२ फेब्रुवारी

प्रिय सिस्टरताई,

अक्षर बघून दचकू नका. मीच आहे, तुमचा मेहुणा. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि तुम्हाला लिहिलेलं हे माझं पहिलंच पत्र. दर महिन्याच्या सुरुवातीला तुमच्या धाकट्या बहिणीचं जाडजूड पाकीट मठात येतं, ते या वेळी आलं नसणार. तिचा उजवा हात दुखावला आहे. पेन धरता येत नाही, म्हणून तिच्या वतीने मी लिहितो आहे.

बाकी ठीक. माझं काम चालू आहे. शहरात जुन्या इमारती पुष्कळ आणि त्यांतल्या लिफ्ट त्याहून जुन्या, तेव्हा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला कामाची ददात नाही. संध्याकाळी वेळेवर घरी येतो.

तुम्ही आमच्यासाठी प्रार्थना करता हे माहीत आहेच. या महिन्यात तिच्यासाठी थोडी जास्त केलीत तर बरं होईल. देवाच्या कृपेने सगळं नीट होईल.

मला पत्रं लिहायची सवय नाही. काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या.

तुमचा,
मेहुणा


२० फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

प्रभूची शांती तुमच्या घरात नांदो.

तुमच्या पत्रात ‘देवाच्या कृपेने’ हे शब्द वाचले आणि मी चष्मा काढून पुसला. मग पुन्हा वाचले. होते तिथेच. हे तिने सांगितलं म्हणून लिहिलंत ना? खरं सांगा.

हात कसा दुखावला ते तुम्ही लिहिलं नाही. मला आपला एक संशय येतो. मागच्या पत्रात मी तिला लिहिलं होतं की बडबडे, जरा आटोपशीर लिहीत जा, तुझं पत्र वाचून होईपर्यंत आमची संध्याकाळची प्रार्थनेची घंटा होते. त्यावरून रागावली असेल. लहानपणीही अशीच होती. कुणी ‘पुरे’ म्हटलं की तोंड फुगवून पलंगाखाली जाऊन बसायची आणि तिथूनही बोलत राहायची. हाताचं दुखणं हे रुसण्याचं निमित्त असेल तर तिला सांगा, की मी शरण आले आहे, पाहिजे तेवढं लांब लिही.

माझं काम तेच. आसपासच्या सगळ्या चर्चना मिस्सेच्या उपासनेत प्रसाद म्हणून देतात त्या पांढऱ्या चकत्या आम्ही इथे भाजतो. पीठ आणि पाणी, दुसरं काही नाही. पातळ पीठ दोन तापलेल्या पत्र्यांमध्ये दाबायचं, कागदासारखा तक्ता निघतो, तो ओलसर खोलीत मऊ होऊ द्यायचा आणि मग चकत्या पाडायच्या. घाई केली तर कडा फुटतात. मला अजूनही घाई होते. मठमाता म्हणतात, सिस्टर, तुम्ही इतकी वर्षं इथे आहात आणि पीठ अजून तुमच्यापेक्षा शांत आहे.

तिला डाव्या हाताने एक रेघ तरी ओढायला सांगा. मी ती पत्र म्हणून वाचेन.

तुमची,
सिस्टरताई


३ मार्च

सिस्टरताई,

तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवत होतो. ‘रागावली असेल’ या शब्दांपाशी आलो आणि पुढे वाचवेना.

मी तुम्हाला खोटं लिहिलं. हात तर गेलाच होता, पण नुसता हात नव्हे.

जानेवारीच्या अखेरीस एका सकाळी ती सिंकपाशी कप विसळत होती आणि शेजारणीच्या सुनेची काहीतरी गोष्ट सांगत होती. मी बूट चढवत अर्धंमुर्धं ऐकत होतो. मध्येच ती गप्प झाली. ती वाक्याच्या मध्ये गप्प झाली हेच इतकं नवल, की मी मान वर केली. कप हातातून सुटला होता. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. ती माझ्याकडे बघत होती आणि गोष्ट पुढे सांगायचा प्रयत्न करत होती, पण शब्दांच्या जागी एकच आवाज निघत होता. घशातला, तान्ह्या मुलासारखा.

पक्षाघात आहे. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. पाय बराच सावरला आहे, काठी धरून घरातल्या घरात फिरते. हातही थोडा थोडा हलतो. बोलणं मात्र गेलं. डॉक्टर म्हणतात, समजतं सगळं नाही तरी पुष्कळ, पण शब्द सापडत नाहीत. पाणी हवं असलं तरी तोच आवाज, खिडकी लावायची असली तरी तोच. मला कळलं नाही की ती डोळे मिटून घेते. तुम्हाला लिहिलं की ते कायमचं खरं होईल असं वाटत होतं, म्हणून लिहिलं नाही.

आता मनातलं लिहितो. राग आला तर येऊ द्या. ती रोज संध्याकाळी जपमाळ घेऊन बसायची. आजाऱ्यांकडे जायची, ज्यांच्याशी कुणी बोलत नाही त्यांच्याशी बोलायची. मी चर्चमध्ये दारापाशी उभा राहणारा माणूस, फादरांचं प्रवचन लांबलं की बाहेर एक चक्कर मारून येणारा. देवाला कुणाचं बोलणं काढून घ्यायचंच होतं तर माझं घ्यायचं. कुणाला पत्ताही लागला नसता.

तुम्ही भिंतीच्या आत तिच्यासाठी प्रार्थना करता. करा. पण भिंतीबाहेर येऊन तिचा हात धराल का?

मेहुणा


१० मार्च

प्रिय भाऊजी,

तुमचं पत्र मी भट्टीपाशी उभ्याउभ्या उघडलं, घाई होतीच. पत्र्यांमधलं पीठ जळून कोळसा झालं. आमच्या सगळ्यांत वृद्ध सिस्टरांनी येऊन बटण बंद केलं, माझ्या हातातला कागद बघितला आणि काही न विचारता माझ्या वाटणीचं पीठ कालवायला घेतलं.

मी तिला रुसूबाई म्हटलं आणि तिकडे तुम्ही ते तिला वाचून दाखवत होता. हे मला फार लागलं. त्यात तुमची काही चूक नाही.

मठमातांना विचारलं. आमच्या जगण्याची रीतच अशी आहे की आम्ही इथेच राहतो. बाहेरचं जग आमच्याकडे येतं, आम्ही जात नाही. त्या म्हणाल्या, बहिणीला प्रवास झेपेल तेव्हा तिला इथे आणू द्या, भेटीच्या खोलीत पाहुणे आणि आपल्यामधे असते ती जाळी मी उघडून देईन, पाहिजे तेवढा वेळ हात धरून बसा. ही रीत तुम्हाला कठोर वाटेल. या आठवड्यात ती मलाही कठोर वाटली.

तुमचा राग मला पोचला आहे. तो मी वेदीपुढे नेऊन ठेवते. तिचंच बोलणं का गेलं, मला माहीत नाही. मी इतकी वर्षं देवाच्या घरात राहते, पण अशा गोष्टी तो मला सांगत नाही.

एकच सुचतं. आमची आई पोळपाटाशी बसून ‘नमो मारिया’ या जपमाळेवरच्या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणायची आणि पुढचा अर्धा आम्ही मुलींनी म्हणायचा. तुमची बायको तेव्हा एवढीशी. आईचं संपायच्या आधीच ती पुढचं सुरू करायची, म्हणजे लवकर सुटका. बोलायला ती बहुतेक त्यातच शिकली. संध्याकाळी तिची जपमाळ तिच्या हातात देत जा. तुम्ही काही म्हणायला नको. मणी तेवढे हाताला लागू देत.

तुमची,
सिस्टरताई


२ एप्रिल

प्रिय सिस्टरताई,

हे पत्र कसं लिहावं ते कळत नाही. झालं तसं सांगतो.

तुम्ही लिहिलंत तसं मी रोज संध्याकाळी माळ तिच्या हातात देऊ लागलो. ती टेबलाशी बसे, मण्यांवरून अंगठा फिरवे, तोंड मिटलेलं. समोर मी पेपर धरून बसे आणि वाचत काहीच नसे. आमच्या घरात ही वेळ तिच्या आवाजाची. मी पेपर वाचायचो, ती जप करायची आणि मधूनमधून जप थांबवून मला भाजी महागल्याचं सांगायची. आता फ्रिजची घरघर ऐकू येत होती.

गेल्या मंगळवारी ती शांतता मला सोसेना. काहीतरी आवाज व्हावा एवढ्यासाठीच मी म्हटलं, नमो मारिया, कृपापूर्ण मारिया. पुढचं येतं का याचीही खात्री नव्हती. लहानपणी घोकलेलं, नंतर दारापाशी उभं राहून ऐकलेलं. धडपडत ‘तुझ्या उदरीचे फळ येशू’पर्यंत आलो आणि श्वास घ्यायला थांबलो.

ती म्हणाली, “पवित्र मारिया, देवाच्या माते, आम्हां पाप्यांसाठी, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी, विनंती कर. आमेन.”

पूर्ण. स्पष्ट. तिच्या नेहमीच्या आवाजात, शेवटी जरा घाईनेच.

मी ताडकन उठलो, खुर्ची मागे पडली. अंगावर काटा म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. ती माझ्याकडे बघत होती, माझ्याइतकीच घाबरलेली. जणू त्या खोलीत आणखी कुणी येऊन बोलून गेलं होतं. मग तिचे डोळे भरून आले आणि तिने डाव्या हाताने टेबलावर थाप मारली, म्हणजे पुन्हा म्हण. मी पुन्हा म्हटलं. तिने पुन्हा उत्तर दिलं. घसा कोरडा पडेपर्यंत आम्ही म्हणत होतो. सबंध माळ झाली, सिस्टरताई. माझ्या आयुष्यातली पहिली.

मला वाटलं, परत आलं बोलणं. मी विचारलं, पाणी देऊ? तर तोच घशातला आवाज.

दुसऱ्या दिवशी स्पीच थेरपिस्ट बाईंना सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाल्या, असं होतं. लहानपणी पाठ केलेलं, गाणी, प्रार्थना, अंक, हे मेंदूत वेगळ्या जागी राहतं आणि सुरुवात करून दिली की आपोआप बाहेर येतं. चांगल्या बाई आहेत, खोटी आशा दाखवत नाहीत. पण तो ‘आपोआप’ शब्द माझ्या मनात रुतून बसला.

कारण खरंच तसं आहे. मी सुरुवात केली नाही तर तिला काही येत नाही. मी मुद्दाम गप्प बसून पाहिलं. ओठ हलतात, आवाज नाही. पहिला अर्धा मी म्हटला की दुसरा अर्धा धो धो येतो. म्हणजे तिला बोलायचं असेल तर मला प्रार्थना करावी लागते. मला.

तेव्हा दोन गोष्टी विचारतो. एक, हे ती म्हणते की नुसतं तिचं तोंड म्हणतं? आत ती आहे ना? मला दुसऱ्या कुणाला हे विचारता येत नाही. आणि दुसरं, मी काही भक्तीने म्हणत नाही. अडकलेली लिफ्ट चालू करायला किल्ली फिरवावी तसं म्हणतो. पवित्र मारियेचं नाव असं हत्यारासारखं वापरणं पाप आहे का? असेल तरी मी थांबणार नाही, पण माहीत असलेलं बरं.

तुमचा,
मेहुणा


९ एप्रिल

प्रिय भाऊजी,

तुमचं पत्र मी या वेळी बसून वाचलं. मग प्रार्थनामंदिरात गेले आणि गुडघे टेकायचे विसरून नुसती उभी राहिले. भीती वाटली. एखाद्या मोठ्या डोंगराच्या पायथ्याशी उभं राहून वर बघताना वाटते तशी.

तुमच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर द्यायला मी योग्य बाई नाही. का, ते सांगते. हे मी तिलाही कधी लिहिलं नाही. मी या घरात आले तेव्हा प्रार्थना करताना डोळ्यांत पाणी यायचं. मग हळूहळू ते आटलं. आता पुष्कळ वर्षं झाली, मी दिवसातून कितीदा तरी स्तोत्रं म्हणते आणि मला काही म्हणजे काही वाटत नाही. घंटा होते, पाय चालतात, तोंड म्हणतं. हे मी म्हणते की माझं तोंड म्हणतं, हा प्रश्न मी रोज तुमच्यासारखाच विचारते, फक्त स्वतःबद्दल. म्हणून तुम्हाला खात्रीने काही सांगितलं तर ते खोटं होईल.

पण एक दिसतं ते लिहिते. तिच्याकडून सगळं गेलं. शेजारणीच्या गोष्टी गेल्या, बाजारभाव गेले, तुमचं नाव गेलं, माझं गेलं. सगळं उपसून झाल्यावर तळाला जे राहिलं ते हे. तिथे ते कुणी ठेवलं? आमच्या आईने, असं मी म्हणेन. आईच्या हातून आणखी कुणी, असंही म्हणेन. बाई म्हणतात आपोआप येतं. श्वासही आपोआप चालतो. तो तिचा नाही असं आपण म्हणतो का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. पाप नाही. दुसऱ्याला वर चढता यावं म्हणून शिडी धरून उभं राहणं कधी पाप असेल? तुमचं म्हणणं खरं आहे की खोटं हे तुम्ही ठरवत बसू नका, ज्यांना उद्देशून म्हणता त्यांच्यावर सोडा. फक्त धरून राहा. हात दुखले तरी.

तुमच्या चर्चमधल्या फादरांना सांगून रविवारी घरी ख्रिस्तप्रसाद आणवा. आमच्या चकत्या तुमच्याकडेही येतात. कडा फुटलेली दिसली तर ती माझी.

तुमची,
सिस्टरताई


१८ जून

प्रिय सिस्टरताई,

मधे लिहिलं नाही. काम होतं आणि सांगण्यासारखं फारसं नव्हतं. फादर दर रविवारी मिस्सेनंतर येतात. ते चकती पुढे धरून ‘ख्रिस्ताचं शरीर’ म्हणतात, ती ‘आमेन’ म्हणते. सुरुवातीला मी सवयीने दारापाशी जाऊन उभा राहिलो. पण आमच्या खोलीत दाराशेजारी कपाट आहे, तिथे उभं राहिलं की दार उघडत नाही. फादर म्हणाले, अहो, आत तरी या नाहीतर बाहेर तरी जा. आता तिच्या शेजारी बसतो. संध्याकाळची माळ एकही दिवस चुकली नाही. बोलण्यात बाकी फरक नव्हता.

आता काल काय झालं ते.

एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीतली लिफ्ट तपासायला गेलो होतो. तपासणीसाठी आम्ही लिफ्टच्या टपावर उभे राहतो, वरच्या अंधाऱ्या बोगद्यात. मी वरचे दोर बघत होतो. एकदम पायाखालचा टप निसटला. किती खाली गेलो ते सांगता येत नाही. विचार असा येतच नाही. लिफ्टला खाली एक जबड्यासारखी वस्तू असते, लिफ्ट फार वेगाने पडू लागली तर ती दोन्ही बाजूंच्या रुळांना चावते. ती चावली. मोठा कर्कश आवाज झाला, मी गुडघ्यांवर आपटलो आणि लिफ्ट थांबली. वर दोर नुसते लोंबत होते.

मला फार लागलं नाही. दवाखान्यातल्या माणसांनी पाणी दिलं, घरी सोडलं. तिला काही सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. हाततोंड धुतलं, शर्ट बदलला, टेबलाशी येऊन बसलो. चहा ओतायला गेलो तर कप बशीवर वाजायला लागला. ठेवून दिला. ती बघत होती.

माळेची वेळ झाली. तिने माळ घेतली आणि माझी वाट बघू लागली. मी तोंड उघडलं, आवाज निघेना. खरंच निघेना. पुन्हा उघडलं. नुसता घशातला आवाज. तिचा आवाज, सिस्टरताई, तिला इतके महिने येत होता तसाच.

तिने तो दुखरा उजवा हात टेबलावरून ओढत ओढत आणला, माझ्या हातावर ठेवला. आणि म्हणाली, “नमो.”

मग ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. “मारिया.”

तिने सुरुवात केली. पहिला अर्धा, माझा वाटा. आणि ते धो धो नव्हतं. आपोआप जे येतं ते सरळ येतं, हे मला आता चांगलं माहीत झालं आहे. हे अडखळत येत होतं. ‘कृपापूर्ण’ला ती तीनदा पडली आणि उठली. कपाळावर घाम आला होता. एकेक शब्द ती कुठूनतरी लांबून उचलून आणत होती आणि माझ्यापुढे ठेवत होती. मी मदत करू शकत नव्हतो. मी तिचा हात धरून बसलो होतो आणि मला वाटत होतं की या खोलीत मी बूट घालून बसायला नको होतं.

‘येशू’पर्यंत आली आणि थांबली. आता पाळी माझी.

मी म्हटलं, पवित्र मारिया, देवाच्या माते, आम्हां पाप्यांसाठी. तिथे मी पुन्हा अडकलो. ती थांबली. मी तिच्यासाठी थांबतो तशी. मग हळूच तिने मला शब्द दिला.

“आता.”

मी म्हटलं, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी.

तिला काही माहीत नव्हतं. मी नुकताच त्या वेळेच्या दारातून परत आलो होतो, आणि ती इतकी वर्षं, रोज संध्याकाळी, मी पेपर वाचत असताना, माझ्यासाठी त्या वेळेचंच मागत होती. मी ते ऐकत होतो आणि ऐकत नव्हतो.

आत ती आहे का, असं मी तुम्हाला विचारलं होतं. आता विचारायचं राहिलं नाही.

डॉक्टर म्हणतात, गाडीचा प्रवास करायला हरकत नाही. पुढच्या महिन्यात तिला घेऊन येतो. जाळी उघडून ठेवा.

तुमचा,
मेहुणा


३० जुलै

माझे लाडके बडबडे,

हे पत्र तुझ्या नावाने लिहिते आहे. भाऊजी वाचून दाखवतील. त्यांना सांग, खुर्चीवर नीट बसून वाचा.

तू येऊन गेलीस त्याला आठवडा झाला. भेटीची खोली झाडताना मला अजून तुझी काठी टेकलेली जागा दिसते. मठमातांनी जाळी उघडली आणि तू माझ्यासमोर आलीस. किती वर्षांनी मधे काही नाही. तू माझा चेहरा दोन्ही हातांनी धरलास, उजव्यानेही. म्हणालीस, “ताई.” मी रडायला लागणार तेवढ्यात तू माझ्या गालावरून अंगठा फिरवलास, खूप शोधून आणखी एक शब्द काढलास आणि म्हणालीस, “म्हातारी.” बाहेर उभ्या असलेल्या मठमाता इतक्या हसल्या की त्यांना जाऊन पाणी प्यावं लागलं. आमच्याकडे जेवताना बोलत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना ते सांगायची परवानगी दिली.

मी भाऊजींना एकदा लिहिलं होतं की प्रार्थना करताना मला पुष्कळ वर्षं काही वाटत नाही. तुझ्यापासून आता काय लपवायचं. त्यांचं जूनमधलं पत्र आलं तेव्हा मला वाटलं की आता पाझर फुटेल. नाही फुटला. आजही सकाळी कोरड्या तोंडाने स्तोत्रं म्हटली. पण पूर्वी मी ती आपोआप म्हणते म्हणून मला लाज वाटायची. आता वाटत नाही. काही वेळा मधेच थांबून एखादा शब्द मी तुझ्यासारखा उचलून आणते. जड असतो, हे खरं.

पण हे पत्र त्यासाठी नाही. तुला एक आठवण करून द्यायची आहे, जी फक्त तुझी आणि माझी आहे.

तू आणि मी हात धरून बसलो होतो. भाऊजींना दोन बायकांच्या रडण्याहसण्यात अवघडल्यासारखं झालं असणार. पिठाची पोती वर चढवायचा आमचा जुना पाळणा अडकला आहे, हे कुणीतरी त्यांना सांगितलं. त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. बाह्या सरसावून ते पलीकडच्या खोलीत गेले. मधे फक्त पातळ भिंत. आपल्याला त्यांची हातोडी ऐकू येत होती, पाना पडल्याचा आवाज, एकदा पुटपुटलेली शिवी, जी मी ऐकली नाही असं समजते.

मग ते सगळं थांबलं. बोल्ट घट्ट बसला असेल, जोर लावत असतील. आणि भिंतीपलीकडून, दबक्या आवाजात, धापा टाकत, कुणी ऐकतं आहे याची कल्पना नसलेल्या माणसाच्या आवाजात ऐकू आलं, “नमो मारिया, कृपापूर्ण मारिया.”

कुणाचं तोंड उघडायला नव्हे. तू तिथे नव्हतीस. समोर फक्त गंजलेलं लोखंड होतं.

मी बोलणार होते. तू माझ्या ओठांवर बोट ठेवलंस. डोळे मोठे केलेस, लहानपणी पलंगाखाली लपल्यावर करायचीस तसे. ते ‘येशू’पर्यंत आले आणि थांबले. सवयीने थांबले असतील, कारण पुढचं तुझं असतं. आणि तू, भिंतीकडे तोंड करून, त्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू, पुढचा अर्धा म्हटलास. ते जणू तेवढा वेळ थांबले आणि पुन्हा सुरू झाले. तू पुन्हा उत्तर दिलंस. त्यांना ठाऊक नव्हतं की तू ऐकते आहेस, आणि तरीही ते थांबत होते. मी तुमच्या दोघांच्या मधोमध बसले होते. मला जागचं हलवेना.

पाळणा चालू झाला. भाऊजी काळे हात पुसत आले आणि म्हणाले, झालं काम, विशेष काही नव्हतं. तू त्यांच्याकडे बघून हसलीस आणि त्यांना वाटलं तू माझ्याकडून काही ऐकून हसते आहेस.

त्यांना अजून माहीत नाही, बडबडे. म्हणजे हे वाक्य वाचेपर्यंत नव्हतं. आता ते वाचताना थांबले असतील आणि कागद डोळ्यांपुढे धरून बसले असतील. त्यांना घाई करू नकोस. पाहिजे तेवढा वेळ लागू दे. आणि फारच वेळ झाला, तर सुरुवात तू कर.

तुझी,
ताई